बिल माझ्या नावावर आहे

रत्नागिरी
रविवार, दुपार

प्रिय मनस्वी,

पाकिटावर माझं अक्षर पाहूनही तू ते फोडलंस, एवढ्यानेच मला बरं वाटलं. सासूचं पत्र म्हणजे उपदेशच असणार, असं मनात आलं असेल. पण आधी एक कर. हे वाचून होईपर्यंत मोबाइल बाजूला ठेव. त्यावरून कुणालाही फोन करू नकोस, तुझ्या मैत्रिणीला, दर्शनालाही नाही.

का ते सांगते. आपल्या तिघांचे नंबर एकाच फॅमिली प्लॅनमध्ये आहेत आणि बिल माझ्या नावावर येतं. लग्नानंतर तुझा प्रीपेड मोडून त्यात घालायचा हट्ट माझाच होता. आहे ते बरं आहे, असं तू म्हणत होतीस. मी म्हटलं, अठ्ठावीस दिवसांचा महिना कुठल्या पंचांगात असतो गं? एक बिल, एक तारीख, डोक्याला ताप नाही. तू हसलीस आणि सही केलीस. तुझे बँकेचे ओटीपी, नोकरीचे निरोप ज्यावर येतात, तो नंबर त्या दिवसापासून कागदोपत्री माझा झाला.

कंपनीच्या अ‍ॅपचा पासवर्ड स्वरूपकडे आहे. तू लांज्याला माहेरी गेल्यापासून जेवायला बसला की तो ते उघडतो. तू कुणाला, किती वाजता, किती मिनिटं फोन केलास ते ताटावर बसून वाचतो. काल त्याने दर्शनाचा नंबर लावला. ती काम करते त्या काजूच्या कारखान्यात दुसऱ्याच कुणा बाईने फोन उचलला आणि तू पुढच्या महिन्यापासून पॅकिंगला येणार असल्याचं भाबडेपणाने सांगून टाकलं. आता तो मालकालाच भेटायची भाषा करतोय. शिवाय येत्या शनिवारी मला दुकानात नेऊन तिन्ही नंबर स्वतःच्या नावावर करून घेणार आहे. तुला कशाला त्रास, म्हणतो. एकदा ते झालं की तुझा नंबर चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्याच्या हातात.

शेजारच्या गोदाच्या फोनवरून हे मला दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण पुढचं तोंडाने सांगायची माझी छाती नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षं काढली, हे तू माझ्याकडून शंभरदा ऐकलं आहेस. ट्रंक कॉलचे दिवस. मुंबईहून आलेला फोन पूर्णगडला, संगमेश्वरला जोडून द्यायचा. कुणाचा बाप गेला, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, सगळं कानावर पडायचं. पण इकडचं तिकडे करायचं नाही. सख्ख्या बहिणीलाही मी कधी काही सांगितलं नाही आणि त्याचा मला केवढा ताठा! आणि तीच मी. मार्चमध्ये स्वरूप म्हणाला, “आई, मनस्वीच्या फोनची यादी काढून दे गो जरा.” पाच मिनिटांत काढून दिली. कशाला हवी, विचारलंसुद्धा नाही. उलट या वयात मला अ‍ॅप येतं म्हणून मिरवलं. पासवर्डही मीच कागदावर लिहून दिला. रोज दुपारी अडीचला लांज्याचा एकच नंबर, दर्शनाचा, तो त्याने त्याच यादीत पाहिला. तुला वाटलं शेजारच्या कुणीतरी चहाडी केली. चहाडी माझी होती.

यादी दिली त्या संध्याकाळी तुमच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. पहिला आवाज आला तेव्हा वाटलं, काहीतरी पडलं. दुसरा आला तेव्हा कळलं. मी मिक्सरच्या भांड्यात खोबरं टाकलं आणि बटण दाबलं. खोबऱ्याचा पार लगदा झाला तरी फिरवतच राहिले. दुसऱ्या दिवशी तुझा सुजलेला गाल बघून मी दाढ दुखते का म्हणून विचारलं आणि तू हो म्हणालीस. मार तू खाल्लास आणि लाज माझी राखलीस. मला माझीच किळस येते गं.

गुरुवारी सकाळी अकराला लांज्याच्या स्टँडसमोर, कंपनीच्या दुकानात ये. आधार कार्ड आण. नंबर एकीच्या नावावरून दुसरीच्या नावावर करायला दोघींना हजर राहावं लागतं, मी चौकशी केली आहे. मी पहिल्या एस.टी.ने येईन, स्वरूपला दवाखान्याचं कारण सांगून. नंतर कुठली कंपनी, कुठला प्लॅन, ते तुझं तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही.

आता खरं सांगते. हे पत्र मला स्वरूपनेच लिहायला बसवलं आहे. तुझं ती ऐकेल, परत यायला सांग, असं त्याचं म्हणणं. आत्ता तो समोर खुर्चीत बसून मी किती लिहिते ते बघतोय आणि आई समजूत घालतेय म्हणून खूश आहे. पाकीट मी त्याच्यासमोरच चिकटवीन. गोदा उद्या लांज्याला जाणार आहे, तिच्याच हाती देईन. मनस्वी, परत येऊ नकोस. पोलिसांत जायचं ठरवलंस तर मी तुझ्याबरोबर येईन आणि त्या संध्याकाळी या घरात काय ऐकलं ते माझ्या नावाने लिहून देईन. तो माझा मुलगा आहे, हे मला कुणी सांगायला नको. तरीही देईन.

तुझीच,
आई