प्लेगच्या सालचं कुलूप

नागपूर, १९६८

रूपरावदादा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात धजत नाही.

काल तुमच्यासमोर माझी नात इतिहासाचा धडा वाचत होती: युरोपात प्लेग आला, तेव्हा लेकरांनी आईबाप टाकले. तुम्ही म्हणालात, "काय कसाई लोक गा!"

आपल्या प्लेगच्या साली सारं सावनेर शेतातल्या झोपड्यांत गेलं. आईला गाठ आली होती. आपल्याला कोणी जवळ करणार नाही म्हणून, ती मेली असं तुम्ही लोकांना सांगितलं अन् घराला कुलूप घातलं. मी दाराशी शाळेतली कविता म्हटली. आतून आईनं त्याच चालीत पुढली ओळ म्हटली. तुम्ही माझं तोंड दाबलं. "गप गा! लोक आयकतीन."

आता म्हातारपणी माझ्याकडे राहायचं म्हणता. हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या वळकटी घेऊन याल, तेव्हा दारातच सांगीन, परत जा.

आईचा,
नत्थू