दोन पल्ल्यांचा झगा

ता. ४ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

काल आम्हा फॅमिली डॉक्टरांची बैठक झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या मोफत तपासणीला गेल्या खेपेस नऊच बायका आल्या, त्यातल्या चार दारातून परत. थोरले डॉक्टर म्हणाले, दुखत नसताना बाई येतच नाही, उगाच खटाटोप कशाला. दुसरे म्हणाले, पुरुषाने हा विषय काढायचा तरी कसा? या महिन्यात चाळीस आल्या नाहीत, तर तपासणी कायमची बंद. तू तीस वर्षं बायकांचे कपडे शिवतोस. त्या परत का जातात, सांग.

तुझी धाकटी

ता. ७ जून

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

शाळा सोडून मशीनवर बसलेल्याला विचारावं लागलं, याची नोंद घ्यावी! अगं, तुम्ही बाईला कमरेपर्यंत उघडी बसवता. माझ्याकडे मापं तुझी वहिनी घेते, तीही पडद्याआड. सोबत झगा पाठवतो. पुढे दोन पल्ले, खांद्यावर बांधायला बंद. एक बाजू तपासा, झाका, मग दुसरी. टाके मोजून घे, इंचाला बारा.

माया आहेच, दादा

ता. १० जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

झगा देखणा आहे, पण तपासता येत नाही! काखेतही चाचपावं लागतं, आणि तुझ्या सुबक मुंढ्यातून माझा हात शिरेना. नर्स म्हणाली, हा घालून मी लग्नाला जाईन. रागावू नकोस, मुंढा उसव.

धाकटी

ता. २८ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

तू पाठवलेले मोकळ्या बगलेचे वीसही झगे कमी पडले. त्रेसष्ट बायका आल्या! पहिली घरी जाऊन जावेला, शेजारणीला घेऊन आली. एकीला गाठ लागली, तिची पुढची तपासणीही झाली. वाटाण्याएवढीच आहे, वेळेत सापडली, बरी होईल. ती थोरल्या डॉक्टरांची बायको. गाठीचं तिने त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. कालच्या बैठकीत तेच उभे राहिले आणि म्हणाले, तपासणी दर महिन्याला.

अशीच माया राहू दे. धाकटी

ता. २ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. वाटाण्यापाशी पत्र तिच्या हातात दिलं, पुढचं तिने वाचलं. आणखी पन्नास झगे कापलेत. थोरल्या डॉक्टरांना म्हणावं, आभार नकोत, दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला, तपासणी झाली का, असं स्वतः विचारत जा. मी तरी घरात कुठे विचारलं होतं? वहिनीनेच बॅग भरली. उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे तपासणीला निघते आहे, आणि झगा तिने स्वतः निवडून घेतलाय.

दादा