स्टुलावर बसून वाचलेले तापमान

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द पत्रात सवयीने लिहिला जातो, मी तो अनुभवाने लिहीत आहे. गेले सोळा दिवस मी रोज चार वेळा आपल्या कासवासमोर फरशीवर पालथा पडतो. एवढा वाकून नमस्कार मी आपल्याला आपल्या लग्नातही केला नव्हता.) आपल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली व आपण आता काठीशिवाय व्हरांड्यापर्यंत जाऊन परत येता, असे ताईकडून समजले. फार समाधान वाटले. कासवही साधारण तेवढेच अंतर तेवढ्याच वेळात कापते, त्यामुळे आपली आठवण ताजी राहते. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे; तो पाळावा की नाही हे पत्र पूर्ण झाल्यावर ठरवीन.

लेकीकडे विश्रांतीला जाताना आपण हा प्राणी 'फक्त दोन आठवडे' आमच्याकडे ठेवलात. आज एकोणतिसावा दिवस आहे. आपण त्याचे नाव 'मॅनेजर' ठेवले आहे, त्याबद्दल माझी हरकत नाही. मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाच मॅनेजर पाहिले आहेत. बोलावल्यावर न येणे आणि अडचण दिसताच मान आत ओढून घेणे, या दोन्ही बाबतींत तो पदास योग्य आहे. मला कौतुक वाटते ते आपल्या निवडीचे. इतके नातेवाईक असताना आपण हा उबेवर जगणारा जीव ऐन थंडीत नेमका माझ्या हवाली केलात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून शीतगृहात कामाला आहे. माल थंड ठेवणे आणि तो थंड राहिल्याची लेखी नोंद करणे, एवढेच मला येते.

'त्याचं तसं काही करावं लागत नाही,' असे आपण दारात म्हणालात आणि सोबत चार पानांचे सूचनापत्र दिलेत. काहीच करायचे नसताना चार पाने, तर काही करायचे असते तेव्हा आपण किती लिहिता, हा विचार मी तेव्हा केला नाही. सूचना अशी: दिव्याखाली बत्तीस अंश, पेटीच्या दुसऱ्या टोकाला चोवीस, आणि कोठेही, कधीही अठराच्या खाली नाही. ('कधीही' या शब्दाखाली तीन रेघा. लेखणी कागदापार गेली आहे.) मी पेटी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली फरशीवर मांडली, दिवा लावला, नवा थर्मामीटर आणून दिव्याच्या दांडीला बांधला, चार रकान्यांची वही आखली आणि समोर स्टूल ठेवले. थर्मामीटर अशा उंचीवर बांधला की स्टुलावर बसताच पारा बरोबर डोळ्यांसमोर यावा. शीतगृहात आम्ही असाच लावतो. दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, वाचणाऱ्याला मान वाकवावी लागू नये म्हणून. अठ्ठावीस वर्षांत एकाही बटाट्याने तक्रार केलेली नाही.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, ती पुढे लागेल. घरात आणखी एक थर्मामीटर आहे, जुना. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतो. बाबा (वय चौऱ्याऐंशी, मुक्काम मागची खोली) गेली चार वर्षे थंडी पडली की गारठ्याची तक्रार करतात, आणि मी त्यांना तो थर्मामीटर वाचून दाखवतो. बावीस. ताई दर रविवारी फोनवर विचारते, बाबांना थंडी वाजत नाही ना? तिलाही मी तोच आकडा सांगतो. आकडा सांगितला की चर्चा संपते, हा त्याचा मोठा गुण आहे.

पाचव्या दिवशी थंडी पडली. साधीसुधी नव्हे; खिडकीच्या काचा आतून घामेजल्या आणि नळाखाली हात धरवेना. माझी वही मात्र निर्दोष होती: एकतीस, बत्तीस, एकतीस. आणि अशा आदर्श हवामानात मॅनेजरने खाणे सोडले. पहिल्या दिवशी मी त्याला आळशी समजलो, दुसऱ्या दिवशी गर्विष्ठ. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडणेही बंद केले, तेव्हा मी आपले सूचनापत्र पुन्हा वाचले आणि माझ्याकडून काही चुकलेले नाही याची खात्री करून घेतली. सौ. काकडीच्या चकत्या घेऊन आली, पेटीत डोकावली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "अहो, त्या थर्मामीटरलाच भरवा ना काकडी. त्याची तब्येत उत्तम दिसतेय." (तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या एकाही नोंदवहीबद्दल बरा शब्द काढलेला नाही.) पण त्या दिवशी मी कासव हातात घेतले आणि ते हाताला दगडासारखे लागले. थंड आणि जड. ताईने त्याला पंधरा वर्षे हाताने भरवून वाढवले आहे, हे मला त्या क्षणी फार स्पष्ट आठवले.

तेराव्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी ती उघडलीही नाही. त्या थेट फरशीवर बसल्या, दांडीवरचा थर्मामीटर सोडवला, कासवाच्या पोटाशेजारी लाकडाच्या भुशावर ठेवला आणि मला थांबायला सांगितले. पारा उतरत उतरत तेरावर आला. बाईंनी आधी स्टुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कासव स्टुलावर बसतं का तुमच्याकडे?"

मी शीतगृहाची पद्धत समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले (हे ऐकून घेणे फार वाईट असते) आणि सांगितले, आणखी दोन दिवस असेच गेले असते तर वहीतला शेवटचा रकाना मला रिकामा ठेवावा लागला असता.

त्यानंतर जे झाले त्याचे वर्णन करताना माझी कंबर दुखते. दिवा खाली आणला. पेटीखाली थर्मोकोल, तिन्ही बाजूंना पुठ्ठा, वर अर्धे झाकण. खिडकीच्या फटीत जुने सदरे. रोज घमेल्यात कोमट पाण्याची अंघोळ, पाणी कोपराने तपासून. आमच्या मुलीच्या वेळी मी कधी तपासले नव्हते, हे सौ.ने दोनदा ऐकवले. बाबांची गरम पाण्याची रबरी पिशवीही आम्ही ताब्यात घेतली. बाबा पिशवीच्या मागोमाग खुर्ची घेऊन आले आणि पेटीपाशी बसले, ते उठेनात. अंघोळीच्या वेळी ते "जरा हळू घाल की रे, तो काय भांडं आहे का?" असे सांगत, आणि उरलेला वेळ त्याच्याशी बोलत. गेल्या वर्षभरात ते आमच्याशी एवढे बोललेले नाहीत. चौथ्या दिवशी शीतगृहात वरिष्ठांची बैठक चालू असताना त्यांचा फोन आला. एकच शब्द, "खाल्लं!" मी बैठकीत उभा राहिलो. कशासाठी उभा राहिलो हे अद्याप मला कोणालाही समजावून सांगता आलेले नाही.

त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "आता ते यंत्र जरा माझ्या खोलीत आण. आणि बाईंनी ठेवलं तसं ठेव." मी हसत गेलो. (हसण्याचे कारण बावीस.) थर्मामीटर त्यांच्या उशीपाशी ठेवला आणि थांबलो. चौदा. काही चूक असेल म्हणून पुन्हा ठेवला. तेव्हाही चौदा. बाबा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "त्याला बोलता येत नाही ना, म्हणून त्याचं लवकर ऐकलंस."

असो. माझी मागणी स्पष्ट आहे. दोन आठवड्यांची मुदत केव्हाच उलटली आहे. मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कासवाच्या पोटाखालचे आकडे वाचण्यासाठी पदवी घेतलेली नाही. गुडघा साथ देताच, आणि शक्यतो त्याआधीच, आपण येऊन आपला प्राणी घेऊन जावा. ताईस नमस्कार, लेकीस व जावयांस आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे.

आपला आज्ञाधारक (यापुढे कमी आज्ञाधारक),
मेहुणा

ता. क. १. वरील मागणी कालची आहे. आज सकाळी पत्र बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "ने म्हणावं खुशाल. पेटीत माझी पण सोय करा." पेटी आता त्यांच्याच खोलीत असते, कारण नवा हीटर लावून घरात तेवढीच खोली नीट उबदार झाली आहे. तेव्हा आपण गुडघ्यावर ताण देऊ नये. थंडी पूर्ण सरेपर्यंत तर मुळीच नको. प्रवासात त्याला वारा लागेल. (त्याला म्हणजे मॅनेजरला.)

ता. क. २. हे पत्र मुळात एका विनंतीसाठी लिहिले आहे. चौदा हा आकडा कृपा करून ताईला सांगू नये. चार वर्षे दर रविवारी मी तिला बावीस सांगत आलो आहे.

ता. क. ३. ताई, भाऊजींची पत्रे त्यांच्याआधी तूच फोडतेस, हे मला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे. म्हणजे इथवर आली असशीलच. आज सकाळी सात वाजता बाबांच्या उशीपाशी एकवीस होते. वाचताना मी स्टुलावर बसलो नव्हतो.