गोजरकाकू म्हणतात, चालंल

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
‘खात्रीचा सल्ला’ ब्लॉग आजपासून. शेतकऱ्याला वस्तूंबद्दल खरं सांगणारं कोणीतरी हवं. नियम एकच: वापरल्याशिवाय शिफारस नाही. वापरणार मी, लिहिणार एआय.

५ फेब्रुवारी
पहिला लेख दूध काढायच्या मशीनवर. ते वापरायला गाय लागते. आपल्याकडे नाही. नियमात दुरुस्ती: इतरांचे अनुभव वाचले तरी वापरल्यासारखंच. वाचायलाही एआयलाच सांगितलं.

८ फेब्रुवारी
वाचक अकरा. एआय म्हणतं, गावातल्या विश्वासू माणसाचा अनुभव जोडा. पटलं. तिसगावच्या बाजारात गाय घेताना लोक आमच्या गोजरकाकूला सोबत नेतात. काकू कासेवरून हात फिरवते. पसंत पडली तर ‘चालंल’ म्हणते, नाहीतर गप्प राहते. व्यवहार तिथंच ठरतो. हे सगळं एआयला समजावलं.

९ फेब्रुवारी, दुपारी
एआयनं लेखात जोडलं: ‘गोजरबाई सहा महिने हेच मशीन वापरतात. त्या म्हणतात: चालंल.’ वाचून गहिवरलो. काकू धार हातानंच काढते, पण मशीन असतं तर हेच म्हणाली असती. विचारायला निघालो होतो. ऊन फार होतं.

१४ फेब्रुवारी
वाचक चारशे. आता मिक्सर, शेगडी, मोबाईल कव्हर, सगळ्यांखाली ‘चालंल’. जया म्हणाली, काकूंकडं बटनाचा फोन हाय, त्या कव्हर कशाला घालत्यात? बायकोला मार्केटिंग कळत नाही.

२२ फेब्रुवारी
काकूच्या शेजारच्या सहादेवनं मशीन घेतलं. गाईची कास सुजून दगड झाली. काकूच्या दारात येऊन म्हणाला, काकू, तुमी चालंल म्हनला म्हनून घेतलं. काकू म्हणाली, मी कदी म्हनले? काकूला वाचता येत नाही. त्यानं मोबाईलवरून वाचून दाखवलं.
जनावराच्या डॉक्टरांनी विचारलं, मशीनचा दाब एवढा का ठेवला? सहादेव म्हणाला, लेखात होतं. लेख पहिल्यांदाच पूर्ण वाचला. होतं.

२३ फेब्रुवारी
काकूची माफी मागायची. लेखी. पूर्णपणे स्वतःच्या शब्दांत.

२४ फेब्रुवारी
स्वतःचे शब्द: ‘प्रिय काकू.’ बाकीचं एआयकडे दिलं.

२५ फेब्रुवारी
माफीनामा काकूसमोर मोठ्यानं वाचला. भाषा उत्तम होती. शेवटची ओळ आधी बघायला हवी होती: ‘झालं गेलं विसरू या. गोजरबाई म्हणतात: चालंल.’
काकू गप्प राहिली.

२७ फेब्रुवारी
आज बाजारात हनुमंतनं गाय दाखवायला काकूला नेलं. तिनं कासेवरून हात फिरवला, चालंल म्हणाली. हनुमंतनं हसत विचारलं, काकू, हे खरं का मोबाईलमधलं? भोवतीची माणसंही हसली. त्यानं गाय घेतली नाही. काकू एकटीच घरी आली.

२८ फेब्रुवारी, सायंकाळी
ब्लॉग बंद केला. काकूकडे जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कालची गाय कशी होती?
म्हणाली, तुज्या मोबाईलला इचार.