लाल मुठीचं नाव

१४ जून १९८८

प्रिय नडीन,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. मध्येच उठून दोनदा गॅस बंद आहे का ते पाहिलं, एकदा अंगणात जाऊन वारा कुठून येतोय ते बघून आले. जसं काही उडी मलाच मारायचीय!

परवा फोनवर तू हसत विचारलंस, "आई, पॅराशूटच्या पट्ट्यावर छातीपाशी जी लाल मूठ असते, तिला सगळे 'कटअवे' म्हणतात. कापायचं तर काहीच नाही, नुसती ओढायची. मग हे नाव का?" केक करपतोय म्हणून मी फोन ठेवला. ओव्हनमध्ये काहीच नव्हतं.

आमच्या वेळी खरंच कापावं लागायचं. आम्ही कॅन्ससची पोरं हवाई दलानं मोडीत काढलेली पॅराशूटं वापरायचो. ती हवेतच अंगापासून सोडवायची काही सोय नसायची. दोऱ्या गुंतल्या की मांडीला बांधलेली सुरी काढायची, दोऱ्या कापायच्या, मोकळं पडायचं आणि मग राखीव पॅराशूट उघडायचं. कापून सुटायचं, म्हणून 'कटअवे'. पुढे खांद्यावर लोखंडी खटके आले, त्यानंतर तुझी ही मूठ. सुरी गेली, शब्द तेवढा राहिला.

तुझ्या बाबाचं पॅराशूट मी बेतून शिवलं होतं. तसल्याच एका जुन्या पॅराशूटचं पांढरं कापड टबात केशरी रंगवलं. माझे कोपर महिनाभर केशरी होते. वेंडेल सगळ्यांना बजावायचा, "बायकोनं शिवलंय, हात पुसून लावा!" सप्टेंबरातल्या त्या रविवारी ते अर्धवटच उघडलं. तू दीड वर्षांची, माझ्या कडेवर. खालून सगळे ओरडत होते, "काप, वेंडेल, काप!" माझ्या ओरडण्यानं तू घाबरून रडायला लागलीस. सुरी बोथट होती, असं मी तुला आजवर सांगत आले. ते खोटं आहे. सुरी म्यानातच होती, म्यानाचं बटणसुद्धा लावलेलं. शेवटपर्यंत तो दोन्ही हातांनी गुंता सोडवत होता.

लोक म्हणाले, घाबरला असेल. मला तसं वाटत नाही. आदल्या आठवड्यात त्याच्या मित्रानं, गसनं, दोऱ्या कापल्या होत्या आणि त्याचं पॅराशूट वाऱ्यानं नदीत गेलं होतं. म्हणून त्या सकाळी पट्टे आवळताना मी वेंडेलला म्हटलं, "माझं केशरी टाकून आलास तर जेवायला घरी येऊ नकोस हं!" थट्टाच होती. तोही हसला, म्हणाला, "घेऊनच येतो, बाई." एकवीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. शनिवारी तुझी पहिली उडी. तुला अडवायला हे लिहीत नाही. त्या सकाळी त्याच्याशी बोलले, त्याहून मला फक्त तुझ्याशी वेगळं बोलायचंय. काही गुंतलं तर सोडवत बसू नकोस. लाल मूठ ओढ आणि लगेच राखीव उघड. पॅराशूट जाऊ दे नदीत, नाहीतर कुणाच्या मक्यात. मी मैदानावर उभी असेन. हातात काही नसलं तरी चालेल, तू ये.

तुझीच,
आई