धुतलेली टाकी

कारेगाव, खंडेनवमी, २००४

रिक्षा बॅटरीऐवजी हायड्रोजनवर चालवायची, तर गॅस साठवायचा कुठं? माझी दोन वर्षं त्या एका पोलादी टाकीत गेली. आत धातूची पावडर असते, ती गॅस शोषून धरते. पाणी लागलं की बाद. पावडर देणाऱ्या कंपनीनं तर बजावलं होतं, ही शेवटची पावडर.

आज पूजेसाठी सगळी हत्यारं धुतली. संध्याकाळी शेडमध्ये गेलो, तर टाकीवर हळदकुंकवाची बोटं आणि झेंडूचा हार. आमचे वेल्डर आप्पा खुशीत होते. म्हणाले, "साहेब, रिकामीच हुती म्हून व्हॉल्व काढून आतनंबी धुतली. लई काळी राख निगाली बघा! आता गाडी पळंल. उद्या पयल्या फेरीला आमच्या मंडळींना बसवतो."

राख! तीच तर माझी पावडर. आगीपासून जपा, हे रोज बजावायचो. पाण्याचं एकदा तरी बोललो का? आत काय आहे तेसुद्धा कधी सांगितलं नाही. वेल्डरला काय कळणार, असंच ना?

त्यांनी हातावर पेढा ठेवला. मी खाल्ला.

उद्या दसरा. सकाळीच दोघं येतील. आणि टाकीवरची ती कुंकवाची बोटं मला पुसवत नाहीत.