सेड्रिकने इथे सही करू नये

मी, रूपर्ट एन्सली थॅकरी, वय एक्याऐंशी, व्यवसाय नट, राहणार हेस्टिंग्ज, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थकवा किती आहे याचा दाखला ते देत नाहीत. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

कलम १. बँकेतली शिल्लक मुलगी हॅरिएट हिला. लीड्समध्ये तिचे बरे चालले आहे. घराचे मी पुढे लिहितो ते तिला मान्य आहे.

कलम २. रंगभूषेचा पत्र्याचा डबा गावातल्या नाट्यगृहाला. तो कुणी पुसू नये. आम्हा नटांत ते अशुभ मानतात.

कलम ३. उभी हयात मी रंगमंचावर राजा म्हणून मेलो. राणीसाहेबांनी ‘सर’ हा किताब दिला. तरी मासळीवाला विचारतो, “काय हवालदारसाहेब, आज कॉड देऊ का?” कारण टीव्हीवर मी काही वर्षे खेड्यातला हवालदार होतो. त्या पोशाखातली टोपी त्यालाच द्यावी. मला तिचा वीट आला आहे.

कलम ४. राहते घर सेड्रिक मॉट्रम, नट, याने तहहयात वापरावे; त्याच्यामागे ते हॅरिएटचे. त्याला कुणीही हलवू नये.

सेड्रिक माझा मित्र नव्हे. ब्रिस्टलच्या नाटकात जाहिरातीवर माझे नाव त्याच्या वर छापले, म्हणून हा गृहस्थ भर पावसात शिडीवर चढून माझ्या नावावर कागद डकवून आला. पुढे कित्येक वर्षे आम्ही फक्त संवादांपुरते बोललो. मग त्याचे गुडघे गेले, कामे गेली, घरमालकाने बाहेर काढले. बॅग घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, “चार दिवस राहतो.” ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मरणाचे मला काही वाटत नाही. हा म्हातारा पुन्हा कुणाच्या तरी दारात उभा राहील, याची मात्र फार भीती वाटते.

कलम ५. वकीलबाई मिसेस पेंडल यांनी बजावले आहे की, ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये. झाला तर त्याचे मिळणे बुडते. हे ऐकून सेड्रिक बिथरला.

“तुझ्या शेवटच्या कागदावर माझं नाव नाही?”

“आहे की. चौथ्या कलमात.”

“आतलं कोण वाचतं? घर नको मला. मी सही करणार, सगळ्यात वर.”

आता भांडायचे त्राण माझ्यात नाही. मी एवढेच म्हणालो, “सेड्रिक, जन्मभर नावासाठी भांडलास. आता एकदा छपरासाठी गप्प बस.”

तो काठी टेकत स्वयंपाकघरात गेला.

आत्ता साक्षीदार पेन घेऊन बसले असताना त्याने दार किलकिले करून विचारले, “वर कुणाचं नाव घालताय?”

“शेजारच्या दंतवैद्याचं.”

“चालेल,” तो म्हणाला. “निदान नट तरी नाही.” आणि त्याने दार आतून लावून घेतले.

ते लावलेले आहे तोवर आम्ही सह्या उरकतो.

लिहून देणार: रूपर्ट ए. थॅकरी

साक्षीदार:
१. नायजेल ब्रॅकनबरी, दंतवैद्य
२. विनिफ्रेड सोम्स, परिचारिका

हेस्टिंग्ज, ९ नोव्हेंबर २०११